जित्याची खोड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह माझ्या घरी आले तेव्हा मी नाट्यसंगीतावर, किंवा माझे वय पाहता ज्ञानेश्वरीवर, चार शब्द बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय सांगितला आणि त्यांच्या हातातील चहाचा कप क्षणभर हवेतच थांबला. ‘अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवरील एका लबाड वकिलाची गोष्ट’ सुवर्णमहोत्सवाला शोभेल की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. परंतु ते सज्जन गृहस्थ आहेत. ‘ठीक आहे, फक्त पाऊण तासात आटपा,’ एवढेच म्हणाले.

मी चौतीस वर्षे येथे जबलपुरात न्यायालयात लघुलेखक होतो. दुसऱ्याचे बोलणे टिपून घेणे हा माझा व्यवसाय, आणि स्वतः बोलण्याचा सराव मुळीच नाही. या चौतीस वर्षांत वकील पुष्कळ पाहिले, आरोपी त्याहून अधिक. सुटका झाल्यावर न्यायाधीशांना हात जोडून ‘पुन्हा या दारात येणार नाही’ म्हणणारी आणि दोन वर्षांनी त्याच दारात, त्याच बाकावर येऊन बसणारी माणसे मी किती पाहिली याची गणती नाही. अशा वेळी आम्ही कारकून मंडळी एकमेकांकडे पाहून आपली ती जुनी म्हण म्हणत असू : जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. म्हण उच्चारली की प्रकरण आमच्यापुरते निकालात निघे. ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरावी काय, अशी शंका मला उतारवयात आली, आणि ती या मालिकेने आणली. म्हणून हा विषय.

मालिकेचे नाव ‘बेटर कॉल सॉल’. व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड या दोघांची ही निर्मिती २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत, त्रेसष्ट भागांत दाखवली गेली. त्यापूर्वी २००८ ते २०१३ या काळात गिलिगन यांची ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका गाजली होती. रसायनशास्त्राचा एक शिक्षक कर्करोग झाल्याचे कळल्यावर मादक द्रव्य बनवू लागतो आणि हळूहळू राक्षस होतो, ही तिची कथा. त्या शिक्षकाला कायद्याच्या कचाट्यातून सोडवणारा भडक कोटातला एक विनोदी वकील तिच्यात होता, सॉल गुडमन नावाचा. पुढच्या मालिकेत त्या विदूषकाचे पूर्वायुष्य आणि उत्तरायुष्य सांगितले आहे. मराठीत अशा पात्राला प्रतिनायक म्हणतात. खलनायकाचा आपल्याला राग येतो, प्रतिनायकाची काळजी वाटते, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

सॉल हे त्याचे खरे नाव नव्हे. तो जेम्स मॅकगिल, घरचा जिमी. शिकागोजवळच्या सिसरो गावात त्याच्या वडिलांचे छोटे दुकान. वडील इतके भोळे की कुणीही यावे आणि रडगाणे गाऊन पैसे घेऊन जावे. असाच एक ठक एकदा येतो आणि जाताना पोराला सांगून जातो की जगात लांडगे असतात आणि मेंढरे असतात, तू कोण व्हायचे ते ठरव. पोरगा गल्ल्यातून पैसे काढतो. पुढे तरुणपणी बर्फावर मुद्दाम घसरून पडायचे आणि दुकानदाराकडून नुकसानभरपाई उकळायची, हा त्याचा धंदा. गावात त्याला नावच पडले ‘घसरणारा जिमी’.

त्याचा थोरला भाऊ चक न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात नामांकित वकील. जिमी एकदा तुरुंगात अडकतो तेव्हा चक त्याला सोडवतो, आपल्या गावी आणतो आणि आपल्या कार्यालयात टपाल वाटण्याच्या कामावर ठेवतो. आणि तेथे एक नवल घडते. टपालाच्या गाड्या ढकलता ढकलता हा जिमी पत्राद्वारे शिकतो, परीक्षा देतो आणि वकील होतो. भावाला काही न सांगता. चकला जिमीचे यश सांगितले जाते तेव्हा तो हसून अभिनंदन करतो, आणि त्याला पेढीत घेऊ नये असे भागीदाराला परस्पर कळवतो. हे जिमीला कळायला वर्षे लागतात. त्याच्या मते जिमीच्या हाती कायदा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

या जिमीने वकिली सुरू केली ती म्हाताऱ्या माणसांची. मृत्युपत्रे करून द्यायची, त्यांच्या गप्पा ऐकायच्या. एका वृद्धाश्रमात रहिवाशांना जास्तीचे आकार लावून लुटले जात होते, ते त्याने शोधून काढले. कचऱ्यात फेकलेल्या कागदांच्या चिंध्या रात्र रात्र बसून जोडल्या. न्यायालयात कागदांशीच आयुष्य गेलेल्या मला तो प्रसंग पाहताना त्याच्याविषयी जो आदर वाटला, तो पुढे त्याने काहीही केले तरी पुरता गेला नाही. हे प्रकरण तो भावाच्या पेढीकडे नेतो, आणि तेथेही दार बंद होते.

येथून उताराला सुरुवात होते. तो उतार मी सविस्तर सांगत नाही, पाहणाऱ्यांनी पाहावा. कागदपत्रातील एका पत्त्याचे आकडे फिरवून तो भावाची नाचक्की करतो. त्यातून चौकशी, आणि एक वर्षासाठी त्याची सनद स्थगित. पुढे चकच्या आजाराची बातमी तो विमा कंपनीच्या कानावर घालतो, अगदी साळसूदपणे, डोळ्यांत पाणी आणून. त्यातून चकला पेढी सोडावी लागते आणि अखेर तो स्वतःच्या घरात जळून मरतो. जिमी त्या मरणाविषयी एक अश्रू ढाळत नाही. ढाळतो तो सनद परत मिळवण्याच्या सुनावणीत, समितीपुढे, आणि ते अश्रू खोटे असतात. सनद मिळताच तो मॅकगिल हे नाव टाकून देतो आणि सॉल होतो.

सनद स्थगित झालेला वकील म्हटले की आपल्या पिढीला कुणाची आठवण येणार हे मी सांगायला नको. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. आपल्या घरोघरी सिंधूची आठवण काढून डोळे पुसले गेले, पण मला आज सुधाकराविषयी बोलायचे आहे. हुशार, मानी वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो. हे सर्वांना पाठ असते. आपण विसरतो ते मधले. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. कामासाठी दारोदार हिंडतो, आणि कालपर्यंतची प्रतिष्ठित मंडळी त्याला हिडीसफिडीस करून घालवून देतात. त्यानंतर तो पुन्हा पेल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी दारूवर नाटक लिहिले असे आपण म्हणतो; परंतु सुधारू पाहणाऱ्या माणसासाठी कुणी खुर्ची सरकवून जागा करत नाही, हेही त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. अमेरिकेतल्या लेखकांनी गडकरी वाचले असण्याचा संभव नाही. तरीही दोन्हीकडे वकील, दोन्हीकडे सनद, दोन्हीकडे परत घसरणे! मी पडद्यासमोर बसून मोठ्याने ‘अरे, हा तर आपला सुधाकर!’ म्हणालो, तेव्हा नातवाने ‘कोण सुधाकर?’ असे विचारले. असो.

आता मालिकेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. मादक द्रव्यांचे साम्राज्य कोसळल्यावर सॉल परागंदा होतो. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात, जीन या तिसऱ्याच नावाने, तो राहू लागतो. मिशा ठेवतो, चष्मा लावतो, आणि एका मोठ्या बाजारसंकुलात दालचिनीच्या गोड गुंडाळ्या विकणाऱ्या सिनॅबॉन या दुकानाचा व्यवस्थापक होतो. मालिकेचा हा भाग कृष्णधवल आहे. पहिल्या पर्वाची सुरुवातच त्याने होते : दिवसभर कणीक मळायची, रात्री दार लावून घ्यायचे, आणि आपल्याच जुन्या जाहिरातींची फीत लावून बघत बसायचे. त्या जाहिरातींचे रंग त्याच्या चष्म्यावर उमटतात. बाकी सारे घर काळे-पांढरे.

पुढच्या एका प्रसंगात तो कचऱ्याच्या खोलीत चुकून अडकतो. बाहेर पडायला आणीबाणीचा दरवाजा आहे, पण तो उघडला तर धोक्याची घंटा वाजून पोलीस येतील. म्हणून हा माणूस दुसरे कुणी दार उघडीपर्यंत तासन्‌तास तेथेच बसून राहतो. आणि सुटका झाल्यावर मागे काय दिसते? भिंतीवर कोरलेले दोन शब्द आणि दोन आद्याक्षरे : सॉल गुडमन येथे होता. ज्या नावाने तो फासावर जाईल, तेच नाव त्याला लिहिल्यावाचून राहवले नाही.

बंधुभगिनींनो, आपण परगावी राहणारी माणसे आहोत. हा प्रसंग येथे बसलेल्यांना पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांपेक्षा वेगळा लागेल असे मला वाटते. माझे आडनाव निवृत्तीच्या दिवसापर्यंत कार्यालयात कुणी नीट उच्चारले नाही. आपले कूळ, आपले गाव, आपला बाप कोण हे ज्याला ठाऊक आहे असा एकही माणूस चौकात भेटत नाही. याचे सुख असते. पाटी कोरी मिळते. माझ्या वडिलांनी तर कोकणातले कर्ज आणि भाऊबंदकी मागे टाकण्यासाठीच ही पाटी घेतली होती. पण ओळखणारे कुणी नसले की चांगुलपणालाही साक्षीदार राहत नाही. जीन तेथे एकही गुन्हा न करता राहत होता, आणि ते कौतुक करायला कुणी नव्हते.

एक टॅक्सीवाला त्याला ओळखतो. आता पुन्हा पळावे लागणार. दुसरे नाव, दुसरे गाव देणाऱ्या माणसाला तो दूरध्वनी करतो, पण मध्येच थांबतो आणि ‘हे मीच निस्तरतो’ म्हणून तो खाली ठेवतो. मला वाटते, जुनी सवय परतली ती याच क्षणी. चोरी नंतर झाली. तोंड बंद ठेवण्यासाठी तो त्या टॅक्सीवाल्याला बाजारसंकुलातल्या एका भल्या मोठ्या दुकानात चोरी कशी करायची ते शिकवतो. रात्रीच्या पहारेकऱ्यांना रोज गोड गुंडाळ्या नेऊन देतो आणि त्यांच्याशी गप्पा मारत बसतो. ऐन वेळी चोर गुळगुळीत फरशीवर घसरून बेशुद्ध पडतो, आणि पहारेकऱ्याची नजर पडद्याकडे वळणार एवढ्यात जीन रडू लागतो. आईवडील नाहीत, भाऊ गेला, बायकोमुले नाहीत, आज रात्री मेलो तर कुणाला कळणारही नाही. पहारेकरी गहिवरतो. चोरी पार पडते.

हे रडणे खोटे होते आणि त्यातील शब्द न्‌ शब्द खरा होता. भावाच्या मरणावर त्याला खरे बोलता आले ते फक्त फसवणूक करताना. या एका प्रसंगासाठी बॉब ओडेनकर्क या नटाला मी साष्टांग नमस्कार घालीन. या मालिकेला एमी पारितोषिकांची त्रेपन्न नामांकने मिळाली आणि पारितोषिक एकही नाही. हे वाचून मला आमच्या न्यायालयातील बढत्यांची आठवण झाली. पण तो विषय वेगळा.

खरे म्हणजे हे प्रकरण येथे संपायला हवे होते. गरज भागली होती. पण त्यानंतर तो घटस्फोटित पत्नीला, किमला, फ्लोरिडात दूरध्वनी करतो. तीही वकिली सोडून बागेत पाणी शिंपडणारे फवारे विकणाऱ्या कंपनीत नीरस नोकरी करते आहे. ती त्याला सांगते, पोलिसांच्या स्वाधीन हो. हा चवताळून तिलाच उलट सुनावतो. ती त्यानंतर आल्बुकर्कीला जाऊन आपला अपराध लिहून देते. आणि हा त्याच त्वेषात पुन्हा ठकबाजीला लागतो. एकट्या श्रीमंतांना पाण्यातून गुंगीचे औषध देऊन त्यांच्या कागदपत्रांतील माहिती चोरायची. पैशांची निकड नाही. एक सावज कर्करोगाचे रुग्ण निघते, तेव्हा साथीदार माघार घेतो. हा घेत नाही. आणि अखेरीस टॅक्सीवाल्याची वृद्ध आई त्याला ओळखते, तेव्हा तो दूरध्वनीची तार दोन्ही हातांत ताणून तिच्याकडे जातो. म्हाताऱ्यांचा वकील! ती एवढेच म्हणते की मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. त्याचे हात खाली येतात. ती गळ्यातले संकटाचे बटण दाबते आणि पोलीस येतात.

आता शंकेकडे येतो. चकचे म्हणणे खरे ठरले काय? मालिका बघताना मला चकचा राग येत असे, आणि राग येण्याचे कारण मला पुष्कळ दिवस कळले नाही. ते आज सांगून टाकतो. मी थोरला भाऊ आहे.

माझ्या धाकट्याला मॅट्रिकनंतर पत्त्यांचा नाद लागला. आईच्या पाटल्या गेल्या त्या त्यातच. वडिलांनी दोन वर्षे त्याच्याशी बोलणे टाकले. पुढे १९८३ साली त्याने पत्ते सोडले. कुणी शपथ घातली नव्हती, आपण होऊन सोडले. नोकरी धरली, संसार केला. अकरा वर्षे त्याने पत्त्याला हात लावला नाही. १९९४ साली माझ्या मुलीचे लग्न झाले. धावपळ सारी त्याने केली, आचारी, मांडव, वाजंत्री, आणि पैसेही त्याच्याच हाती होते. लग्न पार पडल्यावर, ओसरीवर व्याही बसलेले असताना, मी त्याला म्हणालो, ‘पावत्या घेऊन ये जरा.’ तो आत गेला. एका पिशवीत सगळ्या पावत्या तारीखवार लावून ठेवल्या होत्या. मी बसून बेरीज केली. रुपया-आण्यापर्यंत हिशेब बरोबर होता. उरलेले एकशे दहा रुपये त्याने माझ्यासमोर ठेवले आणि जेवायला न थांबता गेला.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा पत्त्यांना बसू लागल्याचे कळले. मी बायकोला म्हणालो, ‘मला ठाऊकच होतं.’ आणि तीच म्हण म्हटली.

माझ्यामुळे तो बसला असे मी म्हणत नाही. पत्ते त्याने स्वतःच्या हाताने पिसले. जिमीनेही तार स्वतःच्या हाताने ताणली; त्याचा दोष चकवर ढकलून चालणार नाही, आणि मालिकाही ढकलत नाही. पण चक सारे आयुष्य फक्त आपले भाकीत खरे ठरण्याची वाट पाहत होता, आणि ते खरे ठरले तेव्हा त्याला दुःखाबरोबर समाधानही झाले. ते समाधान मला ओळखीचे आहे, म्हणून तो मला बघवत नसे.

शेवट थोडक्यात सांगतो. पकडला गेल्यावर जन्मठेपेची टांगती तलवार असताना जिमी सरकारी वकिलांशी सौदा करतो. हा आरोपसौदा आपल्याकडेही फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्तीने २००६ पासून लागू झाला, पण तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरता. तिकडे त्याला एवढी मर्यादा नाही. पंचांपैकी एकाला जरी मी पटलो तरी पुरे, एवढ्या धमकीवर तो शिक्षा सात-साडेसात वर्षांवर आणतो, वर दर आठवड्याला आइस्क्रीमही मागून घेतो. कसलेला ठक! आणि मग भर न्यायालयात, किमच्या देखत, सौदा मोडून सारे कबूल करतो. चकचेही. त्याचा विमा मी बिघडवला, त्याच्या मरणाला मी कारण झालो, असे तो सांगतो. शेजारचा वकील म्हणतो की हा तर गुन्हाच नव्हे. तो म्हणतो, होता. आपले नाव मॅकगिल आहे असेही तो न्यायाधीशांना सांगतो. शिक्षा होते छ्याऐंशी वर्षे.

तुरुंगातही सारे कैदी त्याला सॉलच म्हणतात. तेथे तो पुन्हा कणीक मळतो. किम भेटायला येते, ती तेवढी जिमी म्हणते. दोघे भिंतीला टेकून एक सिगारेट ओढतात, आणि त्या कृष्णधवल चित्रात काडीची ज्योत तेवढी रंगीत आहे.

तो भाग पाहिला त्या रात्री साडेदहा वाजले होते. धाकटा आता नागपुरास असतो, सत्तरी ओलांडली आहे. मी त्याला दूरध्वनी केला. इतक्या रात्री माझा आवाज ऐकून तो घाबरला. कोण गेले, असेच त्याने आधी विचारले. मी म्हणालो, कुणी नाही रे, त्या लग्नातल्या पावत्यांविषयी बोलायचे होते. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

मग म्हणाला, ‘दादा, किती कमी भरले होते?’

‘एक रुपयाही नाही,’ मी म्हणालो.

‘हं,’ तो म्हणाला. ‘वहिनी झोपल्या का?’

मी म्हटले, झोपली. मग तो तिच्या गुडघ्यांविषयी विचारू लागला, आणि आम्ही साडेअकरापर्यंत बोललो.